माझी खुर्ची फलकाकडे वळवणाऱ्या त्या मुलीस

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला माहीत नाही. गळ्यातले ओळखपत्र उलटे फिरलेले होते आणि नाव विचारावे हे मला सुचेपर्यंत तुम्ही दुसऱ्या प्रवाशाला आणायला निघूनही गेलात. त्या गोष्टीला महिना झाला, तरी विमानतळावरची ती दुपार आठवली की अजून माझा गळा भरून येतो. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. पण ते लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

मी ७४ वर्षांची आहे आणि एकटीच प्रवास करत होते. तिकीट एकच असले तरी विमानकंपन्या दोन होत्या आणि मध्ये साडेतीन तासांचा अवधी होता. व्हीलचेअरची नोंद आठवडाभर आधी केलेली होती. तिकिटावर तिची खूण 'डब्ल्यूसीएचआर' अशी येते. ज्याला पायऱ्या चढता-उतरता येतात पण लांबचे अंतर चालवत नाही, अशा प्रवाशासाठी ती असते. म्हणजे माझे गुडघे थकलेले आहेत, एवढेच तिच्यावरून कळायला हवे. प्रत्यक्षात मात्र खुर्चीत बसल्या क्षणापासून मला ऐकू येत नाही, वाचता येत नाही आणि काही समजतही नाही, असेच बहुतेकांनी गृहीत धरले.

पहिल्या कंपनीच्या माणसाने मला ट्रान्सफर डेस्कजवळ एका खांबाआड, भिंतीकडे तोंड करून ठेवले, ब्रेक लावला, 'पुढच्या कंपनीचे लोक येतील' असे सांगितले आणि तो गेला. पुढच्या कंपनीचे म्हणणे असे, की आम्हाला कोणी कळवलेलेच नाही. मध्ये एक बाई आल्या आणि माझ्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी विचारले, "यांच्याबरोबर कोण आहे?" मी उत्तर दिले, ते त्यांनी ऐकले नाही. दोन कंपन्यांनी एका प्रवाशाला पोचवायचे ठरवले असेल, तर एकीच्या हातून सुटलेले माणूस दुसरीच्या हातात पडेपर्यंत कोणाचे असते, हे त्या दोघींनी आपसात ठरवायला नको का?

असा दीड तास गेला. त्या खुर्च्यांची चाके लहान असतात. बसलेल्या माणसाला ती स्वतः फिरवता येत नाहीत. उठून पाहावे, तर नेमके तेवढ्यात कोणी न्यायला आले आणि रिकामी खुर्ची पाहून परत गेले तर काय, ही धास्ती. मांडीवरची पिशवी घट्ट धरून मी समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या बटणांकडे पाहत बसले होते. सात बटणे होती. माझे विमान सुटले की आहे, हेही मला कळत नव्हते.

मग तुम्ही आलात. समोर उकिडव्या बसलात, माझ्या डोळ्यांत पाहून नाव विचारलेत आणि ते नीट म्हणता यावे म्हणून दोनदा उच्चारून पाहिलेत. ब्रेक काढलात. मला वाटले, आता घाईघाईने कुठेतरी नेतील. तुम्ही मात्र खुर्ची अलगद मागे घेऊन पूर्ण वळवलीत आणि थांबलात. समोर सुटणाऱ्या विमानांचा भलामोठा फलक होता. "दिसतंय?" असे तुम्ही तुमच्या भाषेत की खुणेने विचारलेत, ते आता आठवत नाही, पण मी चष्मा पुसून ओळीवर ओळ वाचत गेले आणि माझे विमान मलाच सापडले. वेळेवर होते. सुटायला अजून एक तास चाळीस मिनिटे होती. दीड तास जे कळावे म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, ते माझ्या पाठीमागे दहा पावलांवर उघड लिहिलेले होते.

बोर्डिंग पास, तपासणी, लिफ्ट हे सगळे तुम्ही पुढे सुरळीत करून दिलेत. सामानाच्या पावतीवरची तीन अक्षरे माझ्याच मुक्कामाची आहेत, हेही मला वाचायला लावून माझी खात्री करून दिलीत. त्या सगळ्यासाठी मी ऋणी आहेच. पण ती कामे नेमून दिलेली असतात. खुर्ची वळवून थांबणे कोणी नेमून दिलेले नसते. मला सोडून गेलेल्या त्या माणसाच्या मागे कदाचित आणखी पाच प्रवासी खोळंबले असतील, हे मी समजू शकते. तरीही खुर्ची भिंतीकडे न ठेवता फलकाकडे ठेवायला त्याला एक क्षणही जास्त लागला नसता. सौजन्याला वेळ किंवा पैसा फारसा लागत नाही. समोरच्याला काय दिसत असेल, हे एकदा त्याच्या जागी बसून पाहावे लागते. तुम्ही तर खरोखरच खाली बसून पाहिलेत.

गेटपाशी मी तुमचा हात हातात घेतला, तेव्हा तुम्हाला पुढचा निरोप आला होता आणि तुमची धांदल चालली होती. तशातही जाण्यापूर्वी तुम्ही खुर्ची गेटवरच्या फलकाकडे वळवलीत आणि मगच ब्रेक लावलात.

आपली कृतज्ञ,
निळ्या शालीतली प्रवासी