बाबा, ते पुस्तक मिटून ठेवा

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल आई फोनवर म्हणाली, मी पाठवलेलं 'सिल्मरिलियन' हे पुस्तक घेऊन बाबा रात्री साडेदहापर्यंत भिंगाने वाचत बसतात. एकच पान पुन्हा पुन्हा. लाईट बिलामागे त्यातल्या राजघराण्याची वंशावळ काढलीय: फिन्वे, त्याचे मुलगे फेआनोर, फिंगॉल्फिन, फिनार्फिन, मग नातवंडं फिंगॉन, फिनरॉड. मला रात्रभर चैन पडली नाही.

लेकीने हौसेने पाठवलंय म्हणून तुम्ही ते सोडत नाही, माहितीये मला. पण सोडा बाबा. चूक माझी. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर तुमचा जीव, म्हणून 'सिल्मरिलियन' स्वतः न वाचताच पाठवलं. परवा इथे मिळवून वाचायला घेतलं, तर मीही साठाव्या पानाशी थांबले. कल्पना अफाट आहे, गाण्यातून अख्खं जग जन्माला येतं. पण जवळ जाऊन बसावं असं माणूस सापडत नाही. तिकडे 'रिंग्ज'मधल्या फ्रोडोचे पाय दुखले की आपलेही दुखायचे. इथे राज्यं उभी राहतात, बुडतात, आपण लांबून बघतो. तुमच्या वयाचा, डोळ्यांचा यात काही दोष नाही. लेखक १९७३ला गेले. त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, वडिलांचे कागद जुळवून १९७७ला हे पुस्तक काढलं. त्या मुलाबद्दल फार माया वाटते मला. तरी त्यापायी तुम्ही डोळे शिणवायचे नाहीत.

लोडशेडिंगमध्ये कंदिलाशी तुम्ही गोष्ट वाचायचात. माझी मान कलली की पान दुमडून म्हणायचात, "उरलेली उद्या." पुरी ऐकच, असं कधी म्हणाला नाहीत.

एकोणिसावं प्रकरण तेवढं राहू दे, बेरेन आणि लूथिएनचं. ते मीच रोज रात्री नऊला फोनवर मराठीतून सांगेन. मेलेल्या बेरेनसाठी लूथिएन मृतांच्या स्वामीपुढे गाते, त्याला पाझर फुटतो. आई, तुला आपली सावित्रीच आठवेल. ऑक्सफर्डला टॉल्किन नवरा-बायकोच्या थडग्यावर हीच दोन नावं कोरलीत.

पेपर वाचायला टेबल लॅम्प पाठवलाय, शनिवारी येईल. खिडकीशी लावा. डोळ्यांतले थेंब चारही वेळा, रात्रीचा चुकवायचा नाही. आई, नऊनंतर भिंग कपाटात. मी दिवाळीला आले की पुस्तक घेऊन जाणार, ठरवलंय. वाईट वाटून घेऊ नका.

वंशावळीचं ते बिल मात्र टाकू नका. मला हवंय.

तुमची,
छकुली