धोंडूचा घसा आणि तुझी ती ओळ

नागपूर, नवतपा

प्रिय विन्या,

दिवाळीत फोनवर, सरांच्या कॉम्प्युटरला हात लावावा की नाही यावरून, आपलं वाजलं, त्यानंतर तूही फोन केला नाहीस आणि मीही नाही. हे पत्र ते भांडण मिटवायला नाही. माझ्या मते ते अजून उभंच आहे, आणि तू नागपूरला आलास की धरमपेठेत तर्रीपोह्यांच्या गाडीवर उभ्यानं पूर्ण करू. लिहितोय कारण आपल्या शाळेतल्या सरांच्या त्याच कॉम्प्युटरमध्ये मला तुझ्या हाताची एक ओळ सापडली, आणि तिच्याबद्दल बोलायला जगात तुझ्याशिवाय कोणी नाही. बायकोला सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे आता आवाज येतोय ना?" बरोबरच आहे तिचं.

तब्येती : आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर. पुढे.

सरांची मशीन मी अपग्रेड केली. आता चिडू नकोस, आधी पूर्ण वाच. तिच्यावरच्या उबुंटू 20.04 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 2025 च्या मे महिन्यात संपले, आणि सर त्याच मशीनवर पेन्शनचं खातं बघतात. तू तेव्हा म्हणाला होतास, फार तर उबुंटू प्रो लाव, जुन्या आवृत्तीलाही अपडेट मिळत राहतात, पाच मशीनपर्यंत फुकट आहे. मान्य. त्यानं भोकं बुजली असती. पण पडद्यावरचं बोलून दाखवणारा ऑर्का जुनाच राहिला असता, आणि सरांचा सगळा कॉम्प्युटर म्हणजे ऑर्का. काचबिंदूनं उरलासुरला उजेडही नेल्यापासून त्या मॉनिटरचा उपयोग फक्त आपल्याला, तिथे गेलो की. त्यामुळे मी हात लावला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.

आधी 22.04, मग 24.04. मधली पायरी अगदी शांतपणे गेली. 24.04 वर पहिल्यांदा लॉगिन केलं आणि धोंडू बोलायला लागला तो चरचरतच. (सर ईस्पीकच्या, म्हणजे ऑर्काला बोलतं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मराठी आवाजाला अजून धोंडूच म्हणतात. माईंना तर वाटतं हे नाव कंपनीनंच दिलंय.) प्रत्येक वाक्याआधी टक्, पहिलं अक्षर गिळलेलं, आणि मध्येच तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्रर्र. "नमस्कार"चं "मस्कार". सर हसले, म्हणाले, "धोंडूचा घसा बसला रे. काढा दे त्याला."

पहिल्या दिवशी हसले. मग हसेनासे झाले. मी रोज ऑफिसातून सुटून महाल भागात सरांच्या घरी जायचो तर पेपर वाचलेला नसायचा. विचारलं तर म्हणायचे, "राहू दे, माई वाचून दाखवते." माईंच्या मोतीबिंदूचं तुला माहीत आहे. शेजारच्या पोरांसाठी बीजगणिताची उदाहरणं टाइप करायचे, तेही थांबलं. विन्या, मला खरी भीती त्या चरचरीची नव्हतीच. आवाज आज ना उद्या सुधारला असता. भीती ही की तोवर सरांची सवय सुटेल. या वयात, न बघता इनस्क्रिप्टचं मराठी टायपिंग शिकलेला माणूस एकदा कीबोर्डवरून हात काढून बसला की त्याला परत कोण बसवणार? तू हैदराबादला, बंड्या दुबईला, उरलो मी. "राहू दे" हा शब्द सरांच्या तोंडून आपण कधी ऐकला होता? फळ्यावर उत्तर चुकलं की तीनदा पुसायला लावणारा माणूस.

तर मी बसलो. आधी सोपं ते बाद केलं. त्याच स्पीकरला फोन लावला, आवाज स्वच्छ. म्हणजे स्पीकर आणि वायर सुटले. कॉम्प्युटरला हेडफोन लावले तर तीच चरचर. यूएसबीचं साउंड कार्ड लावलं तर टक् गेलं आणि चर्रर्र राहिलं. इथे मी गोंधळलो. दुरुस्त झालं म्हणावं तर झालेलं नाही, नाही म्हणावं तर काहीतरी बदललंय.

उत्तर सरांनी दिलं. म्हणाले, "कूलर बंद कर." या दिवसांत महालातल्या त्या माडीवर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. केला. माई पदरानं वारा घेत बसल्या. सरांनी धोंडूकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, मध्ये कमीजास्त थांबत. मग म्हणाले, "हे दोन आहेत. टक् होतं ते मी बराच वेळ गप्प बसलो तरच होतं. लगेच पुढचं वाक्य ऐकलं तर होत नाही. चर्र होतं ते तू तिकडे काहीतरी उघडतोस तेव्हा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तू एकाच समीकरणात दोन अज्ञात घेऊन बसलायस."

अबे, मला मशीनसमोर बसून जे दिसलं नाही ते त्यांनी डोळे नसताना वेगळं काढलं. मी तर घामानं चिंब, आणि सर असे खुशीत, जणू दहावीच्या वर्गात उभे आहेत.

टक्चं कारण मग सरळ सापडलं. साउंडच्या ड्रायव्हरमध्ये पॉवर-सेव्हची किंमत 10 होती, म्हणजे दहा सेकंद आवाज नसला की चिप झोपणार. तिच्यावर आवाजाची डिव्हाइसं सांभाळणारा वायरप्लंबर पाच सेकंदांत डिव्हाइस सस्पेंड करणारा. गाणी ऐकणाऱ्याला हे कळतही नाही, कारण गाणं सुरू झालं की चालूच असतं. सर एक बटण दाबतात, एक शब्द ऐकतात, विचार करतात, पुन्हा दाबतात. त्यांच्या प्रत्येक विचारामागे चिप झोपायची आणि उठताना टक् करून पहिलं अक्षर खायची. ड्रायव्हरची किंमत शून्य केली, वायरप्लंबरचा सस्पेंडही शून्य केला. एकच करून भागत नाही, दोन्ही करावे लागतात. आणि ऐक, वायरप्लंबरची 0.5 पासून कॉन्फिगची पद्धत बदलली आहे. नेटवरचे निम्मे उपाय नव्या पद्धतीचे आहेत आणि 24.04 मध्ये अजून 0.4 आहे, ल्युआच्या फाइलींचं. तुझ्याकडे कुणाची मशीन आली तर हे आधी बघ, नाहीतर बरोबर ओळ लिहून ती चालत नाही म्हणून डोकं धरून बसशील.

आता चर्रर्र. टर्मिनलमध्ये आवाजाचा कारभार दाखवणारं पीडब्ल्यू-टॉप उघडलं. त्यात एररचा एक रकाना असतो, वेळेवर पुरवठा झाला नाही की तिथला आकडा वाढतो. मी आकडा बघत होतो, सर ऐकत होते. सर म्हणाले "आता", आकडा वाढला. "आता", पुन्हा वाढला. दुसऱ्या एका रकान्यात क्वांटम, म्हणजे एका घासातले नमुने, 256. साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने मागतं, म्हणजे 256 नमुने 5.3 मिलिसेकंदांत संपतात. तेवढ्यात पुढचा घास तयार नसला की चर्र. नव्या मशीनला हे सहज जमतं. सरांची मशीन आपणच सीताबर्डीवरून जुनी घेतलेली, दोन कोअर, फिरती डिस्क. त्यात अपग्रेडनंतर सगळ्या फाइलींची नव्यानं इंडेक्सिंग चालू होती, डिस्क तर दम खात होती. ती संपेपर्यंत थांबलो. चरचर कमी झाली, पण ब्राउझर उघडला की होतीच.

उपाय तुलाही माहीत आहे, घास मोठा कर. पण किती? 8192 केला तर आवाज लोण्यासारखा आणि 170 मिलिसेकंद उशिरा. तुला-मला चालेल. सर अक्षर दाबतात आणि कानानं तपासतात. त्यामुळे कमीत कमी किती, हे त्यांच्या बोटांनीच ठरवायचं होतं. 512 ला चर्र. 1024 ला, म्हणजे 21.3 मिलिसेकंदांना, एरवी ठीक, पण बँकेचं पान उघडताना चर्र. 2048 ला, 42.7 मिलिसेकंदांना, शांत. आणि सरांनी एक अख्खा परिच्छेद टाइप करून सांगितलं, "चालेल. याच्या पुढे नको."

पण मला एक कळत नव्हतं. हीच मशीन, हाच मंदपणा, मग इतकी वर्षं चरचर कशी नव्हती? 22.04 वरसुद्धा नव्हती! आवाजाचं काम तिथवर पल्सऑडिओकडे होतं आणि 22.10 पासून पाइपवायरकडे गेलं, हे ठाऊक होतं. पाइपवायर लिहिणाऱ्या विम टायमन्सचं काम मला आवडतं, फेडोरानं 2021 मध्येच 34 ला ते डिफॉल्ट केलं होतं, ते काही उगाच नाही. तर पल्स एवढं सांभाळून कसं घेत होतं, म्हणून मी पल्सच्या सेटिंगच्या फोल्डरात, इटीसी-पल्समध्ये, डोकावलो. डिफॉल्ट-पीएमध्ये टीशेड, म्हणजे टाइमरवर आवाज पुरवायची सोय, शून्य करून बंद. डीमनच्या फाइलीत फ्रॅग्मेंट, म्हणजे पल्सचे घास, 3, प्रत्येक 15 मिलिसेकंदांचा. म्हणजे 45. सरांच्या बोटांनी परवा जिथे आणून ठेवलं, तू वर्षांपूर्वी तिथेच होतास.

आणि वर हॅश देऊन, म्हणजे फक्त माणसांनी वाचायची टीप म्हणून, ती ओळ. तू रोमनमध्ये लिहिलेलं मराठी. मी वाचायच्या आधी धोंडूनंच ती इंग्रजी वळणानं वाचून टाकली, काहीतरी "हाट लावू नेय". सरांनी दोनदा वाचून घेतली आणि मग स्वतः नीट म्हणून दाखवली : "हात लावू नये. सरांना अक्षर उशिरा ऐकू आलं की ते दोनदा दाबतात."

खोलीत कोणी बोललं नाही. मग सर म्हणाले, "मी दोनदा दाबतो? हे त्यानं कधी पाहिलं?"

विन्या, तू हे कधी पाहिलंस? मला कधी दिसलं नाही. मी तिथे तुझ्याइतकाच बसलोय. आणि तू सांगितलंही नाहीस कुणाला, एका फाइलीत लिहून निघून गेलास. मला रागही आला, खरं सांगतो. पाइपवायर ती फाइल वाचतच नाही. अपग्रेडनं ती पुसली नाही, बदलली नाही, नुसती बाजूला पडली. तू दिवाळीत नुसतं "चालतंय त्याला हात लावू नको" म्हणालास. "पल्समध्ये मी अमुक केलंय, ते जाईल" एवढं म्हणाला असतास तर सरांचे एवढे दिवस वाया गेले नसते. हे माझं तुझ्याशी खरं भांडण आहे, ते प्रो-बिरो नाही.

आणि दुसरं. 2008 मध्ये हॉस्टेलवर पल्सऑडिओ नवं नवं आलं, सगळ्यांच्या मशीन खरखरायला लागल्या, तेव्हा "उडव बे ते, सरळ खालच्या अल्सा ड्रायव्हरवर चालव" म्हणून कोण ओरडत होतं? आणि "थांब, शिकून घे, सेटिंग सापडेल" कोण म्हणत होतं? आपण आठवडाभर बोलत नव्हतो, बंड्या दोघांचे निरोप पोचवायचा. मग सरांच्या घरी तू पल्स ठेवलंस, शिकून घेतलंस, सेटिंग शोधलंस. म्हणजे ते भांडण तू महालात गुपचूप हरून आलास आणि मला कळवलं नाहीस! सावजीचं एक जेवण बाकी आहे तुझ्याकडे, तिखट माझ्या मापाचं.

नव्या फाइलीत 2048 लिहिलं, आणि वर तुझी ओळ जशीच्या तशी, देवनागरीत. खाली आपली दोघांची नावं आणि काय कशासाठी केलं ते सविस्तर. पुढच्या अपग्रेडला माझ्याऐवजी कुणी पोरगं बसलं असेल, त्याला शोधत बसायला नको.

आता तुझं काम. सस्पेंड शून्य केल्यापासून चिप जागीच असते, आणि रात्री सगळं शांत झालं की स्पीकरमधून बारीक स्स्स येतो. मला तो ऐकू येत नाही, सरांना येतो. तासाभरानं झोपू द्यावं का? सकाळचं एक टक् ते सहन करतील असं म्हणतात, पण मला ते "राहू दे"च्याच जातीचं वाटतं. दुसरं, पाइपवायरमध्येही टीशेड बंद करायची सोय आहे. ते केलं तर 1024 वर भागेल का? तू तेव्हा शून्य कशामुळे केलं होतंस, त्या चिपची काही खोड दिसली होती का? जे आठवेल ते लिही. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव, मी ते फाइलीत टाकणार आहे.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? चिनूचं दहावीचं कसं झालं, बंड्याकडून उडतउडत कळलं, आनंद झाला. वहिनींना नमस्कार. तुझी पाठ बरी असेल.

सरांना रविवारी सकाळी फोन कर. पेपर वाचून होतो दहापर्यंत, त्यानंतर. दोनदा दाबायचं तू कधी पाहिलंस ते त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय. मी सांगितलं तर चालणार नाही म्हणाले.

तुझा,
मुकुंदा

ता. क. तुझा स्क्रू ड्रायव्हरचा डबा सरांच्या माळ्यावर सापडला. तो मी चोरला असं तू बंड्याला सांगितलं होतंस. बंड्याला कळवून टाक.