सोडतीच्या आधी

लंडन, रविवार

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही. आपल्या चाळीचा नंबर जवळ आला हे ऐकून फार बरं वाटलं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून आई देवापाशी दुसरं काही मागत नसेल. मला मात्र त्या घराबद्दल सविस्तर सांगायचंय, आणि ते फोनवर उरकण्यासारखं नाही.

मी राहते तो बेथनल ग्रीनचा भाग. एकेकाळी सुतार, शिंपी, गोदीतले हमाल यांची ही वस्ती, आपल्या गिरणगावासारखीच. इथल्या वाचनालयात मला याच वस्तीवरचं एक पुस्तक मिळालं. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांचं 'फॅमिली अँड किनशिप इन ईस्ट लंडन', 1957 सालचं. समाजशास्त्राचं पुस्तक म्हणून जड असेल असं वाटलं होतं, पण या दोघांनी घरोघरी जाऊन अगदी साधे प्रश्न विचारलेत. तुमची आई कुठे राहते? तिला शेवटचं कधी भेटलात? ज्यांची आई हयात होती अशा लग्न झालेल्या निम्म्याहून जास्त बायका आदल्या चोवीस तासांत तिला भेटल्या होत्या. खोलीसुद्धा आईमुळेच मिळायची. भाडं वसूल करायला माणूस आला की आई मुलीसाठी त्याच्याकडे शब्द टाकायची, आणि जवळपास जागा रिकामी झाली की ती मुलीला मिळायची. आजीने आत्यासाठी समोरच्या चाळीतली खोली कशी मिळवली, ते तुम्ही सांगता ना, अगदी तसंच.

पुढे सरकारने यातल्या बऱ्याच कुटुंबांना शहराबाहेर एसेक्समधल्या नव्या वसाहतीत घरं दिली. पुस्तकात तिचं नाव बदलून ग्रीनली ठेवलंय. स्वतंत्र न्हाणीघर, पुढेमागे बाग, मुलांना मोकळी हवा. मुलांसाठी म्हणूनच लोक हौसेने गेले. आणि मग दिवसभर घरात एकट्या पडलेल्या बायका लेखकांना सांगतात की इथे कोणी कोणाशी बोलत नाही.

यातलं एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. जुन्या वस्तीत माणसाची ओळख खूप बाजूंनी असायची. हा कोणाचा मुलगा, कोणाच्या आजारपणात धावून गेला, पितो किती, गातो कसा, हे सगळ्यांना ठाऊक. नव्या वसाहतीत शेजाऱ्याचं यातलं काहीच माहीत नाही. दिसतात ते त्याचे पडदे, त्याचा टीव्ही, त्याची गाडी. मग त्यावरूनच माणूस मोठा की लहान ते ठरायला लागलं. कमाईत फार फरक पडला नव्हता, तरी लोकांना आपण मागे पडलो असं वाटू लागलं. विषमतेवर पगाराचे आणि संपत्तीचे आकडे देणारी पुस्तकं मी पुष्कळ चाळली, ती हवीतच. पण विषमता माणसाच्या मनात कशी शिरते, हे मला या जुन्या पुस्तकाने दाखवलं.

म्हणून चाळच बरी होती, असं मी मुळीच म्हणणार नाही. 160 चौरस फुटांत आपण सहा जण, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, आणि आईचे ते गुडघे. चाळीचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला राग येतो. 500 चौरस फुटांचं मालकीचं घर हा आपला हक्क आहे. आजोबांची गिरणी 1982 च्या संपात गेली, तेव्हा आपल्या हातात काय उरलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि चाळीत सगळे एक होते हेही खरं नाही. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच चाळींमध्ये दलित-सवर्ण दंगल पेटली, तेव्हा कोण कुठल्या चाळीत राहतो यावरून दगड येत होते. बाबासाहेबांनी मे 1916 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला होता. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, असं ते त्यात मांडतात. काहींनी आपलं दार लावून घेतलं, आणि बाकीच्यांना ते आपल्यावर बंद झालेलं आढळलं. बाबा, हा निबंध लहानसाच आहे. समीरला मराठी प्रत आणून द्यायला सांगा, तुम्ही एका बैठकीत वाचाल.

दार बंद होण्याची भीती मला नव्या जागेतही वाटते. त्याच जमिनीवर पुनर्वसनाच्या इमारती आणि विक्रीच्या इमारती शेजारी उभ्या राहणार. 'रिहॅबवाले' हा शब्द मुंबईत किती तोडून बोलला जातो, तुम्ही ऐकलाच असेल. उद्या समीरच्या मुलीला शाळेच्या बसमध्ये तो ऐकावा लागू नये.

बेथनल ग्रीनवरच 2006 साली आणखी एक पुस्तक आलं, 'द न्यू ईस्ट एंड'. मायकेल यंग त्याच्याही लेखकांत आहेत. तोवर इथे बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येने आली होती. सरकारी घरं गरजेनुसार वाटली जाऊ लागली, तशी जुन्या गोऱ्या कुटुंबांची तक्रार सुरू झाली की आमच्या मुलांना इथेच जागा नाही. मला ते पुस्तक पुरतं पटलं नाही. तक्रार करणाऱ्यांचं दुःख लेखक मन लावून ऐकतात, पण दाटीवाटीने राहणाऱ्या बंगाली कुटुंबांचं तेवढं ऐकत नाहीत. तरी एक गोष्ट लख्ख दिसते. घरं आणि नोकऱ्या अपुऱ्या पडल्या की, तू मूळचा कुठला, हा प्रश्न पुढे येतो. आपल्याकडे 1966 पासून भूमिपुत्रांचं राजकारण उभं राहिलं, तेही याच टंचाईतून.

आता माझं मागणं. आपल्या चाळीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे ऐंशी बिऱ्हाडं. म्हाडाच्या यादीत त्यांचं नाव, खोली नंबर आणि पात्र की अपात्र एवढंच असतं. कोणाला कुठलं घर हे ठरवणारी सोडत झाली की ही बिऱ्हाडं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरणार. त्याआधी तुम्ही आणि समीरने एक वही घाला. एकेका खोलीत जाऊन विचारा: गाव कुठलं, पहिला माणूस कुठल्या गिरणीत लागला, खोलीत आधी कोण होतं, आई किंवा लेक आता कुठे राहते, अडीअडचणीला पहिली हाक कोणाला मारता. फक्त गोडगोड लिहू नका, भांडणंही लिहा, 1974 चंही लिहा. दोन्ही बाजूंचे म्हातारे अजून आहेत, त्यांना विचारा. बायकांना आईने विचारावं; तुमच्यासमोर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं घेऊन कमिटीच्या बैठकीत जा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या माणसांच्या विंगमध्ये घर मिळावं, असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्या. आत्याचं नाव त्यात पहिलं घाला. अधिकारी मानोत न मानोत, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आईला म्हणावं, गुडघ्याचं तेल पुढच्या महिन्यात शेजारच्या सिल्हेटी ताईंच्या भावाबरोबर पाठवते. आत्याला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची,
सुजाता