हवामान केंद्राची जागा ठरवण्यापूर्वी : मित्रास पत्र

निफाड,
१२ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल दुपारी मिळाले. तुम्ही सात शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वयंचलित हवामान केंद्र विकत घेतले हे वाचून फार आनंद झाला; पण ते येत्या आठवड्यात तुझ्या गच्चीवर बसवायचे ठरले आहे हे वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. काम थोडे थांबव, एवढीच विनंती आहे. गच्चीवर चोरीची भीती नाही, गुरे शिरत नाहीत आणि मोबाइलची रेंज चांगली मिळते, ही तू लिहिलेली तिन्ही कारणे खरी आहेत. आमच्याकडे केंद्र बसवायला आलेल्या माणसानेही हीच कारणे सांगितली होती आणि मी त्यांना मान डोलावली होती. पुढे दोन हंगाम त्याचे जे परिणाम भोगले ते मी तुला आजवर सविस्तर सांगितले नाहीत. ते आता सांगतो.

आमचे केंद्र गच्चीवर नव्हते, पण त्याहून फारसे बऱ्या जागीही नव्हते. घर आणि द्राक्षाच्या पेट्या ठेवण्याचे पत्र्याचे शेड यांच्यामधल्या अंगणात, सिमेंटच्या कोब्यापासून चार पावलांवर ते उभे केले होते. एप्रिलच्या दुपारी ते शेताच्या मध्यावर टांगलेल्या तापमापकापेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवी, याचे मला फारसे काही वाटले नाही, कारण उन्हाळ्यात दोन अंशांनी आमचे काही अडत नव्हते. अडले ते डिसेंबरात. दिवसभर तापलेला कोबा आणि भिंती रात्री ती ऊब हळूहळू सोडत राहतात आणि शेजारचे यंत्र प्रामाणिकपणे तीच ऊब मोजत राहते. ज्या पहाटे केंद्राने नऊ अंश दाखवले, त्या पहाटे ओढ्याकाठच्या खालच्या बागेत साधा तापमापक साडेसहा दाखवत होता. मण्यांत पाणी उतरण्याची, म्हणजे ते पिकू लागण्याची वेळ होती. केंद्राच्या आकड्यावर विसंबून मी घडांना कागद लावायला आठवडाभर उशीर केला, आणि खालच्या बागेत थंडीने गुलाबी मणी निघाले. निर्यातीच्या मालातून तो प्लॉट गेला. ते यंत्र बिघडलेले नव्हते हेच मला सर्वांत जास्त लागले. ते अंगणाचे तापमान अगदी बरोबर सांगत होते. बागेचे तापमान त्याला विचारण्याची चूक माझी होती.

आपण पुण्याला कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा कॉलेजच्या शेतावरच्या वेधशाळेत आपल्याला नेले होते, ते तुला आठवत असेल. जाळीच्या कुंपणात मोकळी जागा, मधोमध पांढरी झडपांची लाकडी पेटी आणि बाजूला जमिनीतून जेमतेम वीतभर वर आलेले पर्जन्यमापक. एवढी मोठी जागा चार उपकरणांसाठी रिकामी का सोडली आहे, असा प्रश्न तेव्हा आपल्यालाच पडला होता. आता वाटते की तिथे खरे उपकरण ती मोकळी जागाच होती. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि म्हणून जुने पुणेकर आजही त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात, हे आपण तेव्हा ऐकले होते. त्याच खात्यातल्या एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले, जे मला आता पुन्हा पुन्हा आठवते. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असते असा सर्वांचा समज होता. त्यांनी दाखवले की ती जमिनीपासून काही वितींवर असते. हवेचा तो थर आजही रामदास थर म्हणून ओळखला जातो. केवळ गुडघाभर उंचीच्या फरकाने रात्रीचे तापमान वेगळे येत असेल, तर उपकरणाची उंची मनाला येईल तशी ठरवून चालणार नाही. जागतिक हवामान संघटनेने हवेच्या तापमानासाठी सव्वा ते दोन मीटर उंची ठरवून दिली आहे. तुमच्या केंद्राचा तापमान आणि आर्द्रतेचा संवेदक, म्हणजे एकावर एक पांढऱ्या बशा रचल्यासारखे झाकण असलेला भाग, याच उंचीत बसव आणि खाली तुमच्या शिवारात असते तशीच जमीन राहू दे. तिथे हिरवळ लावून तिला रोज पाणी देण्याचा मोह होईल, पण त्या ओलाव्यामुळे आकडा तुमच्या माळाचा न राहता त्या हिरवळीचा होईल.

आता पावसाविषयी. तुमच्या सांगोल्यासारख्या मोजक्या पावसाच्या मुलखात हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गच्चीवर वारा इमारतीवर आदळून वर उसळतो आणि त्या उसळीबरोबर थेंब मापकाच्या तोंडावरून पुढे निघून जातात, त्यामुळे पाऊस नेहमी कमीच मोजला जातो. तुमच्याकडे मृगापासून वारा कसा सुटतो ते मी तुझ्या घरी राहून पाहिले आहे. आपल्या हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून फक्त ३० सेंटिमीटरवर ठेवतात, ते याच कारणाने. झाड, भिंत किंवा शेड यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट आणि शक्य तर चौपट अंतर सोड. तुमच्या केंद्रात डोलत्या पात्राचे मापक असेल. त्याचा एक कप्पा भरला की तो कलंडतो आणि दुसरा वर येतो, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. हे पात्र पाणसळीत नसेल तर एक कप्पा लवकर कलंडतो, दुसरा उशिरा, आणि आकडा कायमचा चुकतो. म्हणून बसवल्यावर त्याची परीक्षा घे. मापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल तर एक लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस होतो, आणि पात्र ०.२ मिलिमीटरचे असेल तर त्यात २५० नोंदी मिळायला हव्यात. पाणी बारीक धारेने, अर्धा-पाऊण तास लावून सोड. भसकन ओतलेस तर पात्र कलंडताना मध्येच पडणारे पाणी मोजले जात नाही, आणि खऱ्या मुसळधार पावसातही नेमके हेच घडते. त्यासाठीच पहिला पावसाळाभर शेजारी एक साधे पर्जन्यमापक ठेव आणि रोज सकाळी साडेआठला काचेच्या मापाने पाणी मोजून वहीत लिही. वेळ साडेआठचीच पाळ, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. आमच्या केंद्राचे घड्याळ सुरुवातीला भारतीय वेळेऐवजी ग्रीनिचच्या वेळेवर होते. साडेपाच तासांच्या त्या फरकामुळे रात्रीच्या पावसाची तारीख मागे सरकत होती, आणि फवारणीच्या नोंदींशी पावसाचा मेळ का लागत नाही हे कळायला मला दीड महिना लागला.

वाऱ्याच्या बाबतीत नियम फार कडक आहे. दहा मीटर उंची, आणि कोणत्याही अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दहा पट अंतर. सहा मीटरचे कडुनिंबाचे झाड असेल तर साठ मीटर मोकळे हवेत. शेतकऱ्याला इतकी जागा क्वचितच मिळते, आणि माझ्या मते आपल्या कामासाठी दहा मीटरचा खांब आवश्यकही नाही. तुमच्या डाळिंबाला किती पाणी द्यायचे याचा हिशेब जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये सांगितलेल्या पेनमन-माँटिथ पद्धतीने होतो आणि तिला दोन मीटरवरचा वाराच लागतो. मोकळ्या रानात तो दहा मीटरवरच्या वाऱ्याच्या सुमारे पाऊण पट असतो. मात्र तुमचा आकडा कोणत्या उंचीचा आहे ते कागदावर लिहून ठेव, नाहीतर उद्या कोणी तो दुसऱ्या केंद्राशी ताडून पाहील आणि दोघेही चुकीचे ठरतील. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटाची उत्तर दिशा लावताना होकायंत्र लोखंडी खांबापासून दूर नेऊन वाच. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो, त्यामुळे ते चालते. मी मात्र रात्री ध्रुवतारा पाहून दोन काठ्या एका रेषेत रोवल्या आणि सकाळी त्या रेषेवर वातकुक्कुट लावला. हे काम करताना फार समाधान वाटले.

सूर्यप्रकाश मोजणाऱ्या संवेदकाबद्दल एक गोष्ट आपल्याच मुलखाची आहे. परदेशी पुस्तिकांत तो खांबाच्या दक्षिणेला बसवा, म्हणजे त्यावर सावली पडणार नाही, असे लिहिलेले असते. तुझ्याकडचा शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, नुकताच होऊन गेला असेल. आमच्याकडे तो आठवड्याभराने येईल. तेव्हापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत तुमच्या डोक्यावरचा दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि उगवताना व मावळताना तर तो आणखी उत्तरेला असतो. म्हणून तो संवेदक दक्षिणेकडच्या लांब आडव्या दांड्यावर, इतर सर्व भागांपेक्षा उंच असा बसव. सौरपट्टी मात्र दक्षिणेकडेच तोंड करून, साधारण सतरा-अठरा अंशांच्या उतारावर राहू दे.

या सर्व भागांना मोकळे रान हवे असते, पण पानाचा ओलावा मोजणारा संवेदक नेमका उलट आहे. त्याला झाडाच्या आत, पानांच्या संगतीत राहायचे असते. तुमची खरी लढाई डाळिंबावरच्या तेल्या रोगाशी आहे, आणि तेल्याला पावसाचे शिंतोडे आणि ओलसर हवा लागते, त्यामुळे पाने किती तास ओली राहिली हा आकडा तुम्हाला पावसाच्या आकड्याइतकाच उपयोगी पडेल. तो मध्यम वाढीच्या एखाद्या झाडात, उत्तरेच्या अंगाला, तिरपा बसव आणि त्याची तार पाइपातून ने, कारण उंदीर ती कुरतडतात. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारल्यावर त्याच्यावर पांढरा थर बसतो. तो दर फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

जागा पाहताना आज काय दिसते एवढ्यावर जाऊ नकोस. आमचे केंद्र अंगणातून हलवून बांधाजवळ नेले तेव्हा जून होता आणि पलीकडचे रान नांगरून मोकळे पडले होते. शेजारच्या अण्णांनी तिथे ऊस लावला, आणि दिवाळीनंतर आमचे केंद्र जणू आडात उभे असल्यासारखे झाले. वारा निम्म्यावर आला, आर्द्रता वाढली, आणि मला वाटत राहिले की हवा बदलली. अण्णांची त्यात काही चूक नव्हती. मी त्यांना आधी विचारायला हवे होते. तुझ्या बांधापलीकडे मका होतो, तोही माणसाच्या उंचीपेक्षा वर जातो. चहूबाजूंच्या शेजाऱ्यांना पुढच्या तीन वर्षांचे पीक विचार, आणि विहिरीजवळची, तुषार सिंचनाच्या फेकीतली, मुरमाच्या रस्त्यालगतची, अशा जागा सोडून दे.

खालच्या सखल तुकड्यात बसवावे की वरच्या, हा प्रश्न तू विचारला आहेस. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साठते. दर हिवाळ्यात तू वर्तमानपत्रात निफाडच्या थंडीच्या बातम्या वाचतोस. ते आकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले असतात, आणि त्याच पहाटे माझ्या वरच्या बागेत तापमान त्याहून वेगळे असते. सातही शेते ज्या उंचीवर जास्त आहेत तिथे केंद्र ठेव, आणि सखल तुकड्यात फक्त एक किमान तापमापक टांग. त्या दोघांमधला फरक एक हिवाळा लिहून काढलास की पुढे त्यावरून अंदाज बांधता येईल.

पाया खणताना माती पाहा. आमच्या काळ्या जमिनीत दोन फुटांचा पाया घातला होता. ती माती पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात भेगाळली, आणि वर्षभरात खांब ओळंब्यातून गेला. त्याच्याबरोबर पर्जन्यमापकही कलले. दुसऱ्या खेपेला मुरूम लागेपर्यंत खणले तेव्हा ते स्थिर राहिले. तुमचा माळ हलका आहे, मुरूम हातभरावर लागेल, ही मोठी सोय आहे. वीजरोधकाची भूतार पायाच्या खड्ड्यातच न टाकता वेगळ्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पुर, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतत जा.

एक गोष्ट तुझ्या सहा भागीदारांना आजच स्पष्ट सांग. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई योजनेने ठरवलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. आपल्या स्वतःच्या केंद्राचा आकडा तिथे धरला जात नाही. त्या आशेने कोणी वर्गणी दिली असेल तर पुढे मनात कटुता राहील. हे केंद्र पाणी आणि फवारणी ठरवण्यासाठी आहे, आणि तेवढ्यासाठीही ते फार मोलाचे आहे.

देखभालीचे काम एकाच माणसाकडे दे. आमच्याकडे ते धाकट्या मुलीने घेतले आहे. दर रविवारी ती मापकाच्या गाळणीतली पाने काढते, बशांमधली कोळ्याची जाळी पुसते, खांबावर साळुंक्या बसू नयेत म्हणून लावलेल्या तारा तपासते आणि वहीत सही करते. एकदा गांधीलमाश्यांनी डोलत्या पात्राच्या खालीच घर केले होते आणि दोन दिवसांच्या पावसाची नोंद शून्य आली होती. ती वहीच्या नोंदीशी ताडली म्हणून तिनेच ते पकडले.

तू मला आता एवढेच कर. मनात असलेल्या जागी उभा राहून चारही दिशांचे फोटो काढ, आणि प्रत्येक झाड, शेड व विजेचा खांब किती पावलांवर आहे आणि अंदाजे किती उंच आहे ते लिहून पाठव. खड्डा खणू नकोस. मी २४ तारखेला सकाळी तुझ्याकडे पोचतो. पाणसळ, ओळंबा, होकायंत्र आणि काचेचे माप माझ्याकडे आहे, ते घेऊन येतो. तू सिमेंट, वाळू आणि कुंपणाची जाळी तेवढी आणून ठेव. रात्र निरभ्र असली तर उत्तरेची रेष आपण दोघे मिळून धरू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे,
तुझा जुना मित्र