आशाताई, तुम्ही आईला ते शेवटचे दोन प्रश्न विचारलेत म्हणून...

ताई, नमस्कार.
समोर भेटलात की मला बोलताच येत नाही, रडूच येतं, म्हणून लिहितेय. आणि इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण इतरांनीही वाचावं असं खूप वाटतं.

तुम्ही आपल्या गावच्या आशा स्वयंसेविका. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे कुणाला कुठल्या आजाराचा धोका आहे हे ओळखायचे सरकारी फॉर्म, भरत तुम्ही घरोघर फिरत होतात. आई ओट्यावर लसूण सोलत बसलेली. तुम्ही टेपने कंबर मोजलीत, तंबाखू मिश्री विचारलंत, छातीत गाठ आहे का विचारलंत तर आई खाली बघूनच "नाही" म्हणाली. पण फॉर्मच्या शेवटी ते दोन प्रश्न असतात ना, गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं होतं का, उदास निराश वाटतं का, ते तुम्ही पेन बाजूला ठेवून विचारलेत. आई म्हणाली "रोजच". मग बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली गाठ आहे, पाच महिने झाले, दाखवून काय करायचंय आता.

लाजेपायी नव्हतं ते ताई. बाबा गेल्यापासून तिला झोप नव्हती, जेवण नव्हतं, टीव्ही चालू असला तरी भिंतीकडे बघत बसायची आणि आम्ही काय म्हणायचो तर वय झालं, देवळात जात जा, चार बायकांत बस. मी पुण्यातून रोज "जेवलीस का" विचारायचे, ती हो म्हणायची, झालं. डिप्रेशन असलं की माणूस स्वतःच्या अंगातली गाठसुद्धा कुणाला सांगत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिला उपकेंद्रात नेलंत, सिस्टरांनी हाताने तपासलं आणि पुढे जिल्हा रुग्णालय, मॅमोग्राफी, बायोप्सी. दुसरी स्टेज निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाले, आणि त्याच सोबत मानसोपचाराचे डॉक्टरही सुरू झाले. टॅमोक्सिफेन, म्हणजे स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी, सुरू करताना कॅन्सरच्या डॉक्टरांनी आईच्या डिप्रेशनच्या गोळीचं नाव मुद्दाम विचारून घेतलं, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी होतो. ज्यांच्या घरी दोन्ही औषधं चालू आहेत त्यांनी दोन्हीकडच्या चिठ्ठ्या दोन्ही डॉक्टरांना दाखवाच.

नंतर मी वाचलं की मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, हात! वाचताना मला सारखे उपकेंद्रातल्या सिस्टरांचेच हात दिसत होते.

टेलिमानसचा, म्हणजे मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर तुम्ही कॅलेंडरवर लिहून दिला होतात तो अजून तिथेच आहे, केमोच्या दिवसांत रात्री दोनदा आईने स्वतः लावला, मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तुमचं मानधन महिनोन्महिने उशिरा येतं हे मला माहितीय, तरी जिल्ह्याला पहिल्यांदा गेलात तेव्हा दोघींचं एसटीचं तिकीट तुम्हीच काढलंत आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. ते तिकीट आईच्या पाकिटात आहे अजून. दिवाळीला मी येतेय, आईने सांगून ठेवलंय की यंदा तुमच्या घरचा फराळ आमच्याकडून, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
आईची मोठी मुलगी