मार्केटिंग शिकायचे, पण कोणत्या पदवीला? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. बारावीनंतर मार्केटिंगकडे वळू पाहणारी मुले आणि त्यांचे पालक महाविद्यालय निवडताना ज्या अंधारात चाचपडतात, तो दूर करणे आपल्या विभागाच्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस (दोन्ही व्यवस्थापनाच्या पदव्या) आणि बीसीए (संगणक उपयोजनाची पदवी) हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, सुरू झाली. पहिल्याच वर्षी प्रतिसाद इतका अपुरा पडला की अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. दरम्यान, अनेक महाविद्यालयांनी परिषदेची मान्यता आणि सीईटी दोन्ही टाळण्यासाठी आपल्या बीएमएसचे नाव ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे करून घेतले. परिणामी एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांत जवळपास तेच विषय शिकवले जातात, पण एकीकडे सीईटी आणि केंद्रीभूत (राज्य पातळीवर एकत्र होणारी) प्रवेशफेरी लागते, तर दुसरीकडे बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळतो. हा फरक पालकांना बहुधा सीईटीच्या अर्जाची मुदत उलटल्यावर कळतो.

फरक केवळ प्रवेशाच्या वाटेचा नाही. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देण्याचा निर्णय आपल्याच सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला आणि ती माफी केंद्रीभूत प्रवेशाशी जोडली. तेव्हा नाव बदललेल्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलीला ही सवलत मिळेल की नाही, हे तिला प्रवेश घेण्यापूर्वी, लेखी आणि स्पष्ट मराठीत सांगितले गेले पाहिजे. आज ते प्रवेश-खिडकीवरच्या कारकुनाच्या तोंडी उत्तरावर अवलंबून आहे.

आता खुद्द मार्केटिंगविषयी. बीएमएस किंवा बीबीएला प्रवेश घेतला म्हणजे मार्केटिंग शिकायला मिळेलच असे नाही, कारण वित्त, मार्केटिंग, मनुष्यबळ या गटांतील निवड पुढच्या वर्षांत होते आणि पुरेशी मुले जमली नाहीत तर तो गट महाविद्यालय चालवत नाही. मोठ्या शहरांत हे सहसा घडत नाही, पण तालुक्याच्या गावी घडते. प्रवेशाच्या वेळी मात्र गुळगुळीत माहितीपत्रकावर ‘डिजिटल मार्केटिंग’ ठळक अक्षरांत असते आणि त्याखाली कंपन्यांच्या बोधचिन्हांची रांग. माझ्याकडे आलेल्या अशाच एका माहितीपत्रकात शंभर टक्के नोकऱ्यांचा दावा होता, पण कोणत्या पदावर आणि किती पगारावर, याचा उल्लेख कुठेही नव्हता. क्रेडिट कार्ड विकत दारोदार फिरणे हेही प्रामाणिक काम आहे, मात्र त्यासाठी तीन वर्षांचे शुल्क भरायचे का, हे ठरवण्याचा हक्क पालकांना हवा. (ज्याला जाहिरातक्षेत्रातच जायचे आहे त्याला मास मीडियाच्या पदवीतील जाहिरात हा गट अधिक जवळचा असतो, हेही कोणी सांगत नाही.)

माझी मागणी मोठी नाही. सीईटीची नोंदणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने ठरावीक नमुन्यातील एक पान प्रसिद्ध करावे, ते सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर एकत्र मिळावे आणि त्यातील माहिती खोटी निघाल्यास कारवाई व्हावी. पदवीचे नेमके नाव, परिषदेची मान्यता, तिन्ही वर्षांचे एकूण शुल्क, लागू असलेल्या सवलती, गेल्या तीन वर्षांत मार्केटिंगचा गट प्रत्यक्ष चालला का, तो शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती, नव्या शैक्षणिक धोरणातील कार्यप्रशिक्षण मुलांनी कोणत्या आस्थापनांत केले आणि नोकरी लागलेल्यांची पदे कोणती, एवढे त्या पानावर असले तरी पुरे. यातील बहुतेक माहिती महाविद्यालये विद्यापीठाला आणि परिषदेला आजही देतातच, त्यामुळे नव्या खर्चाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

पुढच्या प्रवेशवर्षासाठी हा आदेश डिसेंबरपूर्वी निघाला, तर जानेवारीत पालकसभेत ही पाने समोर ठेवून आम्हा शिक्षकांना मुलांशी बोलता येईल.

आपली विश्वासू,
वाणिज्य शाखेची एक शिक्षिका