लायसन्स आहे म्हणजे नोंदणी झाली, असे समजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या संरक्षण कायद्यानुसार तरुणांची ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ नोंदणी (सक्तीच्या लष्करभरतीची वेळ आलीच तर वापरायच्या सरकारी यादीतली नोंद) वर्षभरात सरकारी नोंदींवरून आपोआप व्हायची आहे. आजवर मात्र यातली बरीच नोंदणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातून होत आली. त्या व्यवस्थेत राहिलेली एक फट तिथल्या भारतीय कुटुंबांना फार महागात पडू शकते.

सक्तीची लष्करभरती तिथे १९७३ मध्ये थांबली, पण नोंदणी १९८० पासून पुन्हा सुरू आहे. ती १८ ते २५ वयाच्या मुलग्यांना लागू आहे आणि त्यात नागरिकांबरोबर ग्रीन कार्डधारकही येतात. आपल्याकडे सक्तीची भरतीच नसल्याने हे पालकांच्या ध्यानीमनीही नसते. वैध एच-४ (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) किंवा एच-१बी (नोकरीचा) व्हिसावरच्या मुलाला सूट आहे, पण तो वैध दर्जा टिकून आहे तोवरच.

चाळीसच्या आसपास राज्यांनी ही नोंदणी लायसन्सला जोडली आहे. अर्जावर सहीच्या जवळ संमतीचे एक वाक्य असते. काही राज्यांत संमती नाकारली तर लायसन्स मिळत नाही, काही ठिकाणी ती ऐच्छिक आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून अशी संमती घेणे आम्हाला मुळातच पटत नाही, पण तो वेगळा वाद.

खरी अडचण पुढे येते. मुलगा सतराव्या वर्षी एच-४ वर असताना लायसन्स काढतो. तेव्हा त्याच्यावर नोंदणीचे बंधन नसते. विसाव्या वर्षी, ग्रीन कार्डच्या लांबलचक रांगेतून घरच्यांचा नंबर एकदाचा लागतो. त्या दिवसापासून ३० दिवसांत त्याने नोंदणी करायला हवी. पण लायसन्स तर कधीच खिशात आलेले असते, आणि नूतनीकरणापर्यंत त्या खिडकीवर कोणी पुन्हा विचारत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जातही माहिती पुढे पाठवण्याची संमती असते, पण ती पोहोचलीच असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

सव्विसावा वाढदिवस उलटला की नोंदणी करताच येत नाही. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. १९८० च्या दशकानंतर असे खटले भरले गेलेले नाहीत, त्यामुळे खरा फटका बसतो तो नागरिकत्वाच्या अर्जात. त्यासाठीच्या एन-४०० फॉर्ममध्ये नोंदणीचा प्रश्न थेट विचारलेला असतो. २६ ते ३१ वयाच्या अर्जदाराने जाणूनबुजून नोंदणी टाळली नाही, हे त्यालाच पटवून द्यावे लागते. त्यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून ‘स्टेटस इन्फर्मेशन लेटर’ (नोंदणीबाबतच्या स्थितीचे पत्र) मागवायचे आणि सोबत लेखी खुलासा जोडायचा. केंद्र सरकारच्या नोकरीतही हीच अडचण येते. विद्यार्थ्यांच्या केंद्रीय आर्थिक मदतीसाठीची अट मात्र आता काढली आहे. जुन्या माहितीवर विसंबून पालक अजून त्याचीच काळजी करत बसतात.

म्हणून ग्रीन कार्ड हातात पडले की त्याच आठवड्यात सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाकून नोंद तपासावी. नसेल तर तिथेच नोंदणी करावी, आणि पोचपत्र छापून घरच्या फाइलीत ठेवावे. नावात विशेष लक्ष घालायला हवे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मुलाच्या नावाला जोडून येते, कधी आडनावाच्या रकान्यात सरकते. लायसन्सवर एक आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरे असेल, तर नोंद असूनही सापडत नाही. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवणेही बंधनकारक आहे.

राज्यांनी लायसन्सच्या अर्जात संमतीच्या आधी इमिग्रेशन दर्जा विचारावा आणि ‘दर्जा बदलल्यास ३० दिवसांत नोंदणी करा’ ही ओळ ठळक छापावी. आपोआप नोंदणी सुरू झाली तरी दर्जा बदलल्याची खबर एका खात्यातून दुसऱ्यात वेळेवर पोहोचावीच लागेल, तेव्हा तपासणी तेव्हाही सोडू नये. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी बारावीच्या मुलांच्या पालकांना हे सांगायला हवे.

आणि जो मुलगा सव्विशीपर्यंत व्हिसावरच राहिला, त्याने व्हिसाच्या प्रती, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (इमिग्रेशन खात्याचे मंजुरीपत्र) ही कागदपत्रे टाकून देऊ नयेत. सूट होती याचा पुरावा पुढे तीच देतात.

आपले,
अमेरिकास्थित मराठी वाचक